आश्विन अमावास्येआधी: घरच्या वहीचा इतिहास



सध्या सगळ्यांच्या घरी एकच गडबड चालू असेल. माळे रिकामे होताहेत, पितळेची भांडी चिंच लावून घासली जाताहेत, चकलीची भाजणी दळून आली आहे. निर्वाण लाडूसाठी कोण काय आणणार हेही ठरलं असेल. या सगळ्या आवराआवरीत एक कपाट मात्र बहुतेक घरांत बंदच राहतं, आणि ते म्हणजे कागदपत्रांचं. खरं तर आपल्या पूर्वजांच्या दिवाळीत पहिलं उघडलं जायचं ते हेच. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

आपली दिवाळी ही भगवान महावीरांच्या निर्वाणाची आठवण. आश्विन अमावास्येच्या पहाटे पावापुरीत त्यांचं निर्वाण झालं. ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून मल्ल आणि लिच्छवी गणराजांनी दिवे लावले, असं कल्पसूत्रात सांगितलं आहे. परंपरेनुसार हे वर्ष इसवी सनपूर्व ५२७. दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून, वीर निर्वाण संवत सुरू होतो. शालिवाहन शकात ६०५ मिळवले किंवा कार्तिकी विक्रम संवतात ४७० मिळवले की दिवाळीनंतरचा वीर संवत निघतो. मुलांना करून दाखवा, त्यांना गंमत वाटते.

याच प्रतिपदेला गुजरात-राजस्थानातून आलेल्या व्यापाऱ्यांचं विक्रमाचं वर्षही बदलायचं. महाराष्ट्रात पंचांगाचं वर्ष पाडव्याला, चैत्रात सुरू होतं. पण दुकानाचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे बलिप्रतिपदेला. एका घरात दोन पाडवे आणि दोन नवी वर्षं, आणि त्यात कोणालाच कधी गोंधळ वाटला नाही. एक वर्ष ऋतूचं होतं, दुसरं हिशेबाचं.

पूजेच्या आधी काय व्हायचं

वहीपूजन म्हटलं की आपल्याला आठवते ती लाल कापडाच्या पुठ्ठ्याची लांबट वही. तिला छापील रेघा नसायच्या. कागदाला घड्या घालून सळ पाडायचे आणि त्या सळांनाच रकाने मानून लिहायचं. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. रोजचा व्यवहार कीर्दीत जायचा, मग माणसागणिक तो खतावणीत उतरायचा. आपल्याकडे मोडीत लिहीत, मारवाडी पेढ्यांवर त्यांच्या महाजनी लिपीत.

पण नवी वही पूजेला ठेवायची तर आधी जुनी मिटवायला हवी. म्हणून अमावास्येच्या आधीचे दिवस मोठे धावपळीचे असत. उधारी वसूल करायची, आपलं देणं देऊन टाकायचं, कीर्द आणि खतावणी जुळवायची, रोकड मोजायची, माल मोजायचा. जे मिटलं नाही ते नव्या वहीत पहिल्या पानांवर ‘मागील बाकी’ म्हणून ओढायचं. म्हणजे पूजा हा शेवटचा अर्धा तास असे. त्याच्याआधी पंधरा दिवस मोजणी असे. आज आपल्याकडे तो अर्धा तास उरला आहे. पंधरा दिवस कुठे गेले?

नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्रीकारांचा डोंगर काढतात: वर एक श्री, खाली दोन, मग तीन. श्वेतांबर घरांत त्याखाली काही नावं लिहितात आणि त्यांच्याजवळचं काहीतरी मागतात. गौतमस्वामींची लब्धी, धन्ना-शालिभद्रांची ऋद्धी, कयवन्ना शेठचं सौभाग्य, अभयकुमाराची बुद्धी, बाहुबलीचं बळ. लहानपणापासून आपण हे वाचतो, पण यातली गोम सहज लक्षात येत नाही. शालिभद्राने ती ऋद्धी सोडून दीक्षा घेतली. धन्नानेही घेतली. बाहुबलीने तर जिंकलेलं राज्य भावाला परत दिलं. नफ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर आपण ज्यांची नावं लिहितो ती सगळी सोडून देणाऱ्यांची आहेत. मिळू दे, पण कुठे थांबायचं तेही कळू दे, असा तो अर्थ मला दिसतो.

मर्यादा घालायची तर आधी मोजावं लागतं

श्रावकाच्या पाच अणुव्रतांतलं पाचवं म्हणजे परिग्रह-परिमाण. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याला इच्छापरिमाण असंही नाव दिलं आहे, म्हणजे हावेला घातलेलं कुंपण. आपण हे व्रत ऐकतो ते बहुतेक प्रवचनात. पण ते नीट वाचलं तर ते चक्क घरखर्चाचं व्रत आहे. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार सांगताना वस्तूंची जंत्रीच दिली आहे: शेत, घर, रुपं, सोनं, गुरंढोरं, धान्य, नोकरचाकर, कापडचोपड आणि भांडीकुंडी. आजच्या भाषेत हे मालमत्तेचं विवरणपत्रच झालं. ज्याला आपल्याकडे काय आहे हेच माहीत नाही, तो मर्यादा कशाची घालणार?

उपासकदशांग या आगमातला आनंद श्रावक आठवतो का? वाणिज्यग्रामचा हा मोठा गृहस्थ. त्याची संपत्ती ग्रंथकाराने अंदाजाने सांगितलेली नाही. चार कोटी सुवर्ण ठेव म्हणून, चार कोटी व्याजाने लावलेलं, चार कोटी घरातल्या सरंजामात. दहा-दहा हजार गाईंचे चार कळप. भगवानांसमोर व्रत घेताना त्याने एकेक बाब उच्चारून सांगितली: इतकंच धन, इतकीच जनावरं, पाचशे नांगरांची जमीन, इतक्याच गाड्या, यापुढे नाही. ती यादी त्याला तोंडपाठ होती. आणि घरी गेल्यावर त्याने हे सगळं शिवानंदेला, आपल्या पत्नीला, सांगितलं. ती स्वतः रथात बसून भगवानांकडे गेली आणि तिने बारा व्रतं घेतली. नवऱ्याने घेतली म्हणून तिची झाली असं घडलं नाही. तिचं व्रत वेगळं, तिने वेगळं घेतलं. आता विचार करा, परिग्रहाचं व्रत घेणाऱ्या बाईला घरात काय आहे ते ठाऊक नसून कसं चालेल?

त्याच ग्रंथात महाशतकाची गोष्ट आहे. त्याची पत्नी रेवती हे काही आदर्श पात्र नव्हे, तिचा शेवट वाईटच झाला. पण एक बारकावा बघा. तिने माहेरून आणलेले आठ कोटी आणि आठ कळप ग्रंथात नवऱ्याच्या संपत्तीपासून वेगळे मोजले आहेत. बाईचं ते बाईचं, ही नोंद आपल्या आगमातच आहे.

पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात चांगल्या गृहस्थाचे ३५ गुण सांगितले. पहिलाच गुण न्यायाने मिळवलेलं धन. आणखी एक गुण म्हणजे आयपत पाहून खर्च. श्रावकाचारांच्या टीकांमधून मिळकतीची एक जुनी वाटणीही येते: चौथा हिस्सा शिलकीत, चौथा व्यापारात, चौथा धर्म आणि उपभोगासाठी, आणि चौथा आपल्यावर अवलंबून असलेल्यांच्या पोषणासाठी. अगदी पंचवीस टक्क्यांचा काटेकोर हट्ट आज कोणाला जमेल असं नाही. शहरात घराचा हप्ताच मोठा असतो. पण शिल्लक पहिली सांगितली आहे आणि धर्म व हौस एकाच हिश्शात बसवली आहेत, हे लक्षात घेण्यासारखं आहे. देवळाला द्यायचं ते हौसेला कात्री लावून द्यायचं, शिलकीत हात घालून नाही.

बनारसीदासांची उधारी आणि पत्नीचे वीस रुपये

१६४१ साली आग्र्यात बनारसीदास नावाच्या जैन व्यापाऱ्याने ‘अर्धकथानक’ लिहिलं. हिंदीतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून ते ओळखलं जातं. माणसाचं आयुष्य ११० वर्षांचं धरलं तर ५५ वर्षं म्हणजे अर्धं, म्हणून हे नाव. पुस्तक वाचताना सारखं वाटतं की व्यापाऱ्याने आयुष्याचीच खतावणी मांडली आहे. नफा लिहिला आहे तसा तोटाही. शेवटी स्वतःचे गुण आणि दोष दोन्ही मांडले आहेत.

वडिलांनी रत्नं, तूप, तेल, जौनपुरी कापड असा माल देऊन त्याला आग्र्याला धाडलं. त्याला व्यापार जमला नाही. काही माल हरवला, काही मातीमोल गेला, उरलेलं विकून तो जगला. शेवटी पाळी अशी आली की एका कचोरीवाल्याकडे सहासात महिने उधारीवर खायचं. त्या भल्या माणसाने तगादा लावला नाही. पुढे हातात पैसे आल्यावर बनारसीदासांनी ती उधारी चुकती केली, आणि ती केल्याचंही लिहून ठेवलं.

या पुस्तकातला आपल्या कामाचा प्रसंग मात्र वेगळा आहे. सगळं गमावून तो सासुरवाडीला, खैराबादेला गेला. पत्नीने खोदून विचारलं तेव्हा त्याने खरं काय ते सांगितलं. तिने आपल्याजवळ जमवलेले वीस रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले. मग गुपचूप आईला सांगितलं आणि आईने दोनशे रुपये दिले. त्या पैशांवर तो पुन्हा माल घेऊन आग्र्याला गेला. डब्यातले पैसे म्हणून आपण ज्याला हसतो ना, ते हेच. पुरुषाच्या वहीत या रकमेला रकाना नव्हता. पण पेढी बुडाली तेव्हा तरली ती याच रकमेवर. बनारसीदासांचा मोठेपणा असा की त्यांनी तो आकडा लपवला नाही.

याच पुस्तकात आणखी एक धडा आहे. एका सावकाराबरोबरचा जुना हिशेब मिटवायला त्यांना आग्र्यात महिनोन्‌महिने तिष्ठावं लागलं. सावकार चैनीत दंग, वही उघडायला तयार नाही. अखेर एका मध्यस्थाने हिशेब पुरा करून घेतला आणि फारखती लिहून झाली. आज मराठीत फारकत म्हटलं की काडीमोड आठवतो. मूळ अर्थ मात्र ‘हिशेब पुरा झाला, आता कोणाचं कोणाकडे काही नाही’ असा लेखी कागद. नातं टिकवायचं असेल तर हा कागद वेळेवर झालेला बरा.

दिवाळीचं वर्ष मार्चला कसं गेलं

आता आपल्या काळाकडे येऊ. १८६० साली इंग्रज सरकारने भारतात पहिल्यांदा प्राप्तिकर लावला. १८६७ पासून सरकारी आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च झालं. त्याआधी ते १ मे ते ३० एप्रिल असे. तरीही व्यापाऱ्यांची दिवाळी लगेच गेली नाही. कर भरताना आपलं हिशेबी वर्ष आपण निवडायची मुभा होती. कोणी दिवाळी ते दिवाळी धरी, कोणी इंग्रजी कॅलेंडर. ही मुभा गेली १९८७ च्या दुरुस्ती कायद्याने. १९८८-८९ पासून सगळ्यांना एकच वर्ष: मार्चअखेर. आपल्यापैकी ज्यांचं लग्न ऐंशीच्या दशकात झालं त्यांनी हा बदल डोळ्यांसमोर पाहिला असेल. दिवाळीत वह्या आल्या, पूजा झाली, पण मिटवायचा हिशेब काही नव्हता. तो मार्चमध्ये, सीएच्या ऑफिसात.

सरकारच्या दृष्टीने हे सोयीचंच झालं. आपल्या घरांत मात्र यातून एक गोष्ट नकळत निसटली. पूर्वी दुकान पुढे आणि घर मागे असे. वर्षाचा हिशेब मिटायचा तो सणाच्या दिवसांत, सगळे घरात असताना. बाईच्या हाती लेखणी नसली तरी कानावर सगळं पडे. कोणाकडे किती येणं आहे, कोणाचं देणं आहे, यंदा हात आखडता का घ्यायचा. आता हिशेब संगणकात, पासवर्ड मोबाइलमध्ये, मोबाइल यजमानांच्या खिशात. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या कितीतरी श्राविकांना घराचं कर्ज किती उरलं आहे ते सांगता येत नाही. आणि मग एखाद्या घरात अचानक काही बरंवाईट घडतं. तेराव्या दिवसाच्या आत बँकेचे लोक, विमा एजंट, उधार दिल्याचं सांगणारे लोक दारात येतात आणि त्या बाईला कोण खरं बोलतंय तेही कळत नाही. आपल्या समाजात अशी घरं प्रत्येकीने पाहिली आहेत.

कायद्याने दिलेलं आपण घेतो का?

आणि गंमत अशी की हक्काच्या बाबतीत जैन स्त्री पूर्वी इतरांच्या मागे नव्हती. ‘शिवसिंह राय विरुद्ध डाखो’ हा खटला १८७८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. निपुत्रिक जैन विधवेला नवऱ्याच्या परवानगीवाचून दत्तक घेता येतं आणि नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर तिचा पूर्ण हक्क असतो, ही जैन समाजाची रूढी न्यायालयाने मान्य केली. त्या काळच्या हिंदू विधवेला साधारणपणे फक्त हयातीपुरता हक्क मिळे, हे लक्षात घ्या. पुढे १९२६ मध्ये बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी ‘जैन लॉ’ हा ग्रंथ लिहून आपल्या अशा रूढी एकत्र मांडल्या. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू झाला आणि स्त्रीच्या मालकीची मालमत्ता पूर्णपणे तिची ठरली. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने वाटा मिळाला.

आणखी एक कायदा फार कमी जणींना माहीत असतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, १८७४ चा. १९२३ मध्ये त्याच्या सहाव्या कलमाचा फायदा हिंदू, मुसलमान, शीख आणि जैन असं नाव घेऊन आपल्यालाही मिळाला. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा या कलमाखाली बायको-मुलांसाठी उतरवला तर ती रक्कम त्यांच्या नावची विश्वस्त ठेव होते. धंदा बुडाला तरी, सावकारांना फसवण्याच्या हेतूने पॉलिसी काढलेली नसेल तर, त्यांना तिला हात लावता येत नाही. व्यापारी घरांना याहून उपयोगाचं काय असेल? मात्र पॉलिसी काढतानाच तसा फॉर्म भरावा लागतो, मागाहून नाही.

यंदाची पाच पानं

म्हणून माझं सांगणं असं की यंदा वहीपूजनाआधी एक साधी शंभर पानी वही आणा. पाच पानं पुरतील.

पहिल्या पानावर आहे ते. बँकेची खाती, ठेवी, पोस्ट, भविष्यनिर्वाह निधी, शेअर, विमा, घर, शेत. प्रत्येकापुढे कागद कुठल्या कपाटात आहे आणि नॉमिनी कोण. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने पैसे उचलणारा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच विमा पॉलिसीबाबत सांगितलं आहे. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. जुन्या खात्यांवर अजून सासऱ्यांचं नाव असेल तर ते आधी बदला. आणि नॉमिनेशनवर थांबू नका, मृत्युपत्रही करा.

दुसऱ्या पानावर देणं. घराचा हप्ता, सोन्यावरचं कर्ज, कोणासाठी जामीन राहिलो असू तर तेही. जामीनकी ही सही करून विसरायची गोष्ट नाही.

तिसऱ्या पानावर सोनं. माहेरचं कोणतं, सासरचं कोणतं, स्वतः केलेलं कोणतं. वजन, पावती, फोटो. जमलं तर सूनबाईला आणि लेकीला शेजारी बसवून लिहा. यातून भांडणं होतील अशी भीती अनेकींना वाटते. भांडणं होतात ती न लिहिल्याने.

चौथ्या पानावर तोंडी व्यवहार. भावाला दिलेले, जावेकडून घेतलेले, दूधवाल्याचे, किराणावाल्याचे. अमावास्येच्या आत जमतील तितके मिटवा. बनारसीदासांचा कचोरीवाला विसरू नका. त्याने तगादा लावला नाही म्हणून देणं संपलं नव्हतं.

पाचव्या पानावर धर्माचं देणं. चातुर्मासात उत्साहाने बोली बोललो, आहारदानाचा, पाठशाळेचा आकडा सांगितला, आणि टाळ्या झाल्या. दिले का? देवाचं द्रव्य आपल्याकडे राहणं हे आपल्या आजीपणजींना घरात साप असल्यासारखं वाटे. ते आधी पोचवा. मग त्याच पानावर पुढच्या वर्षाचं परिमाण लिहा. साड्या किती, सोनं किती, घरं किती. आनंद श्रावकासारखं, आकड्यात.

भाद्रपदात आपण क्षमापना केली, माणसांशी असलेला हिशेब मिटवला. त्यानंतर दोन महिन्यांनी येणारी दिवाळी पैशांचा हिशेब मिटवायला सांगते. चातुर्मास संपतो तो या दोन्ही वह्या स्वच्छ करून. ही पाच पानं लिहायला दोन दुपारी लागतील. यजमानांना सोबत घ्या. त्यांना वेळ नाही म्हणाले तर चहा ठेवा आणि वही उघडून समोर बसा. अमावास्येला लाल वहीशेजारी ही वहीपण ठेवा, तिच्यावरही श्री काढा. हळदीकुंकवाची दोन बोटं तिच्यावरही उमटू द्या.

सगळ्यांना वीर निर्वाणाच्या आणि नव्या वीर संवताच्या शुभेच्छा. जय जिनेंद्र.